तब्येतीचा निर्णय घेण्याआधी : मत, भावना आणि बातमी यांची गुंतवळ कशी सोडवायची

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "कोलेस्टेरॉल बरंच वाढलंय. गोळी सुरू करू या." तुम्ही मान डोलावली. घरी आलात, फोन उघडून गोळीचं नाव शोधलं. दहा मिनिटांत कळलं की हिने स्नायू दुखतात, विसरायला होतं, आणखीही बरंच काही होतं. एका व्हिडिओत कुणीतरी ठामपणे सांगत होतं की कोलेस्टेरॉलचा सगळा बागुलबुवा औषध कंपन्यांनी उभा केलाय. नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं, "मी महिन्याभरात बंद केली, आता मस्त आहे." रात्री अंथरुणावर पडलात तेव्हा पाय जरा जड वाटायला लागले. गोळी तर अजून घेतलेलीही नव्हती.

त्या एका संध्याकाळी तुमच्या निर्णयाला तिघांनी हात लावला. पहिलं म्हणजे गोळ्या-औषधांबद्दल तुमच्या मनात वर्षानुवर्षं मुरलेलं मत. दुसरी म्हणजे रिपोर्ट ऐकल्यापासून पोटात उठलेली भीती. आणि तिसरं, पडद्यावर जे जसं आणि ज्या क्रमाने समोर आलं ते. तब्येतीबाबत चुकीचे निर्णय घेणारी माणसं अडाणी असतात असं मला अजिबात वाटत नाही. चांगली शिकली-सवरलेली, इतर व्यवहारात हुशार माणसं इथे चुकतात, कारण या तीन गोष्टींची गुंतवळ होते आणि आपण कशाच्या जोरावर ठरवतोय हेच कळेनासं होतं. ही गुंतवळ कशी सोडवायची, ते पुढे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. उदाहरण म्हणून हीच गोळी शेवटपर्यंत सोबत ठेवू. पण शस्त्रक्रिया असो, लस असो, एखादी तपासणी असो किंवा समुपदेशकाकडे जायचं असो, रीत तीच.

त्याआधी एक गोष्ट. छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूची शक्ती जाणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव, किंवा जीव द्यावासा वाटणं, यांपैकी काही होत असेल तर विचार करत बसू नका. ताबडतोब मदत बोलवा. अशा वेळी "ॲसिडिटी असेल, सकाळपर्यंत बघू" असं म्हणायला लावते ती भीतीच, फक्त शांतपणाचा मुखवटा घालून येते.

हाताशी वेळ किती आहे, ते आधी विचारा

घाबरलेल्या मनाला दोनच वेळा कळतात : आत्ताच्या आत्ता, नाहीतर कधीच नको. म्हणून डॉक्टरांसमोरून उठण्याआधी सरळ विचारा, "हे आजच ठरवायला हवं, की आठवडाभर थांबलं तर चालेल? महिनाभर थांबलो तर काय बिघडेल?" बहुतेक वेळा उत्तर ऐकून जीव भांड्यात पडतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीसारख्या बाबतीत चार-आठ दिवस विचार करायला सहसा मिळतात. मिळालेला वेळ मात्र तारखेने बांधून घ्या. "बघू नंतर" याला मुदत नसते. "पुढच्या शनिवारपर्यंत ठरवतो" याला असते.

आधीपासूनचं मत कागदावर उतरवा

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडं होतं. क्षयरोग लवकर ओळखता यावा म्हणून छातीच्या एक्स-रेची सोय लोकांच्या अगदी जवळ नेली होती, तरी पुष्कळ लोक फिरकत नव्हते. तिथल्या समाजमानसशास्त्रज्ञांनी लोकांशी बोलून पाहिलं. माहितीचा तुटवडा हे मुख्य कारण निघालं नाही. 'हा आजार मला होऊ शकतो' आणि 'लवकर कळलं तर फायदा आहे' या दोन्ही गोष्टी ज्यांना मनापासून पटल्या होत्या, त्यांतल्या ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. ज्यांना यातलं काहीच पटलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं. 'आरोग्य-विश्वास प्रारूप' म्हणून पुढे जे प्रसिद्ध झालं, ते या कामातून उभं राहिलं.

त्यातून घेतलेले चार प्रश्न कागदावर लिहा आणि मनात येईल ते उत्तर खरडा. हा आजार मला होईल असं मला खरंच वाटतं का? झाला तर किती वाईट होईल? सांगितलेल्या उपायाने काही फरक पडेल का? आणि मला अडवतंय काय?

आपल्या गोळीपुरती उत्तरं साधारण अशी येतील : "मला काही त्रास नाही, म्हणजे मला काही झालेलं नाही." "एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटणार नाही." "गोळी सुरू झाली म्हणजे आपण म्हातारे झालो." यातलं शेवटचं वाक्य कुणी डॉक्टरांना सांगत नाही, आणि माझ्या मते पुष्कळदा तेच सगळ्यात जास्त अडवतं. उत्तरं बरोबर की चूक हे लगेच तपासू नका. त्यातलं एक मात्र आत्ताच सांगून ठेवायला हवं : वाढलेलं कोलेस्टेरॉल सहसा काहीच त्रास देत नाही. रक्तदाबाचंही बहुतेकदा तसंच. त्रास नसणं हा या आजारांत पुरावा धरता येत नाही.

प्रत्येक उत्तरापुढे लिहा, हे मत कुठून आलं. काकांना औषधाची रिॲक्शन आली होती, म्हणून? लहानपणी दवाखान्यात कुणी खेकसलं होतं, म्हणून? अविश्वासामागे कारण असू शकतं, आणि त्याला वेडेपणा म्हणून उडवून लावू नये. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस हा लैंगिक आजार झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन हा उपचार सर्वमान्य झाल्यावरही त्यांना तो दिला नाही. त्या समाजाने नंतर डॉक्टरांवर विश्वास ठेवायला कां-कूं केली, तर दोष त्यांना कसा द्यायचा? पण अविश्वास डॉक्टरवर असेल तर डॉक्टर बदला, दुसऱ्याचं मत घ्या. डॉक्टरवरचा राग आजारावर उपचार न करून काढला, तर नुकसान आपलंच होतं.

भावनेचं नेमकं नाव शोधा

"टेन्शन आलंय" हे नाव पुरेसं नाही. भीती, राग, लाज, थकवा, आशा यांतली प्रत्येक भावना निर्णयाला वेगळ्या दिशेने ओढते. घाबरलेला माणूस धोका जास्त धरतो, रागावलेला कमी धरतो, हे २००१ च्या एका गाजलेल्या मानसशास्त्रीय अभ्यासात दिसलं होतं. "मला काही होत नाही, घेऊन जा तुमची औषधं" असं तावातावाने बोलणाऱ्याला धोका खरोखरच लहान दिसत असतो. त्याच्याशी त्या क्षणी आकड्यांचा वाद घालून उपयोग नसतो.

लाज सगळ्यात गुपचूप काम करते. मूळव्याध, लघवीवरचा ताबा, लैंगिक तक्रारी, दारू, उदासपण या गोष्टी लोक महिनोन् महिने लपवतात आणि दाखवायला येतात तेव्हा उशीर झालेला असतो. तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून ती डॉक्टरांसमोर सरकवा. त्यांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं.

भीतीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिचा हिशेब वेगळाच चालतो. जोखमीचा आयुष्यभर अभ्यास केलेले पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवलं की धोका किती मोठा वाटतो, हे त्यात मरणाऱ्यांच्या संख्येवर फारसं ठरत नाही. तो किती भयंकर भासतो, किती अनोळखी आहे आणि आपल्या हातात आहे की नाही, यावर ते ठरतं. म्हणून नवीन लस घाबरवते आणि रोजची सिगारेट घाबरवत नाही. दुसरी एक खोड : काही करून झालेल्या नुकसानाचं दुःख, काही न करून झालेल्या तेवढ्याच नुकसानापेक्षा जास्त बोचतं. गोळी घेतली आणि त्रास झाला तर "मीच ओढवून घेतलं" असं वाटतं. गोळी घेतली नाही आणि हृदयविकाराचा झटका आला तर "नशीब" वाटतं. मुलांच्या लसीबाबत आई-बाप अडखळतात, त्यामागे पुष्कळदा हीच खोड असते. तेव्हा कागदावर दोन ओळी लिहा : केलं तर काय होऊ शकतं, आणि नाही केलं तर काय होऊ शकतं. दुसरी ओळ रिकामी सोडायची नाही.

आशेलाही यादीत घ्या. सगळे उपाय करून थकलेल्या घरात कुणीतरी "शंभर टक्के गुण" सांगत येतो, तेव्हा ती आशा नाकारायला काळजावर दगड ठेवावा लागतो. मला त्या घरांबद्दल फार वाटतं. अशा वेळी निर्णय एकट्याने घेऊ नका. ज्याच्यावर तुमच्याइतका भार नाही, अशा एखाद्या शांत माणसाला सोबत घ्या.

आणि एक साधा नियम, जो मी अगदी आग्रहाने सांगेन : रात्री झोपायच्या वेळी आजाराचं नाव शोधायचं नाही. थकलेलं, एकटं, भुकेलं किंवा नुकतंच भांडून बसलेलं मन वाईटातलं वाईट तेवढं उचलतं. शोधायचंच आहे तर सकाळी, उजेडात, शेजारी कागद-पेन घेऊन.

बातमी आली कुठून, ते मागे जाऊन पाहा

जे चटकन आठवतं, ते जास्त वेळा घडत असणार असं आपण धरून चालतो. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मनाची ही सवय मांडली. आणि आपल्याला काय आठवेल, यावर माध्यमांचा मोठा ताबा असतो. अमेरिकेत साधारण चार-पाच मृत्यूंतला एक हृदयविकाराने होतो, पण तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रांत मृत्यूच्या कारणांवर जे छापून येतं त्यात हृदयविकाराचा वाटा दोन-तीन टक्केच भरतो. खून आणि दहशतवाद यांना त्यांच्या प्रत्यक्ष प्रमाणाच्या कित्येक पट जागा मिळते. कुणी मुद्दाम फसवतं असं नाही. रोज घडतं त्याची बातमी होत नाही, इतकंच. पण वाचणाऱ्याच्या मनात धोक्यांचा क्रम उलटापालटा होऊन बसतो.

हाच जोर चांगल्या कामीही येतो. ब्रिटनमधली टीव्ही कलाकार जेड गुडी २००९ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली, अवघ्या २७ व्या वर्षी. तिचा आजार लोकांनी बातम्यांतून दिवसागणिक पाहिला होता. त्या सुमाराच्या वर्षभरात इंग्लंडमध्ये या कर्करोगाच्या तपासणीला नेहमीपेक्षा चार लाखांहून जास्त स्त्रिया आल्या. वर्षानुवर्षं वाटलेल्या पत्रकांनी जे झालं नाही, ते एका मुलीच्या मरणाने झालं. नंतरच्या काळात मात्र ही लाट ओसरत गेली. बातमीने उठलेली भावना फार काळ टिकत नाही, आणि तपासणी तर ठरावीक वर्षांनी पुन्हा करायची असते.

वाईट बाजूचं उदाहरण बहुतेकांनी ऐकलेलं असतं, तरी तपशील पाहण्यासारखा आहे. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस आणि ऑटिझम यांचा संबंध असावा, अशी शंका त्यातून पसरली. त्या लेखात मुलं होती फक्त १२, आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून २००३-०४ पर्यंत ८० टक्क्यांवर आलं. डेन्मार्कमध्ये २००२ साली पाच लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, तसा संबंध आढळला नाही. २०१० मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला आणि वेकफील्ड यांची डॉक्टर म्हणून नोंदणी रद्द झाली. लेख मागे घेतला गेला, तरी आई-बापांच्या मनातली शंका इतक्या सहजी मागे घेता येत नाही. आजही ती जागोजागी ऐकू येते.

म्हणून काहीही वाचलं की हे विचारा. अभ्यास किती लोकांवर झाला? माणसांवर झाला की उंदरांवर? तुलनेला दुसरा गट होता का? सांगणारा काही विकतोय का? बातमी आजची आहे की सहा वर्षं जुनी, पुन्हा फिरवलेली? अतिशयोक्ती करायला नेहमी पत्रकारच लागतो असंही नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची छाननी झाली, तेव्हा लोकांना दिलेला सल्ला मूळ संशोधनाच्या पुढे जाऊन फुगवल्याचं ४० टक्के पत्रकांत दिसलं.

फॉरवर्ड झालेल्या मेसेजबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एकच विधान वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांनी वारंवार दाखवलंय. तेव्हा पाच ग्रुपांतून आलेला एकच मेसेज हा एकच साक्षीदार धरा, पाच नव्हे. आणि ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या अभ्यासात खोट्या बातम्या पुढे ढकलल्या जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त निघाली, कारण त्या जास्त नवलाच्या असतात आणि जास्त धक्का देतात. म्हणजे वाचताच "बापरे, सगळ्यांना पाठवलं पाहिजे" असं वाटणं, हीच थांबण्याची खूण. २०२० मध्ये दारूने कोरोना बरा होतो अशा अफवेवर विश्वास ठेवून इराणमध्ये शेकडो माणसं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल पिऊन मेली. तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना कुणाचं तरी भलंच करायचं असणार.

टक्के मोडा, माणसं मोजा

हा टप्पा जमला तर निम्मं काम झालं असं समजा.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि कित्येक स्त्रियांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली. दुप्पट म्हणजे नेमकं किती? जुन्या गोळीवर ७,००० पैकी एकीला गुठळी होत होती, नव्या गोळीवर दोघींना. वाढ ७,००० मध्ये एकीची. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो, हे त्या गदारोळात मागे पडलं. 'दुप्पट' हा शब्द खोटा नव्हता. सोबत '७,००० पैकी' एवढं म्हटलं असतं तर किती जणींचा ताप वाचला असता!

आता आपल्या गोळीकडे या. समजा तुमच्यासारख्या १०० लोकांपैकी १० जणांना पुढच्या १० वर्षांत हृदयविकाराचा झटका येणार आहे, आणि गोळी घेतली तर ७ जणांना येईल. (हे आकडे समजण्यापुरते घेतलेत. तुमचे खरे आकडे वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह यांवरून डॉक्टर काढून देतील.) हीच गोष्ट किती तऱ्हांनी सांगता येते पाहा. "धोका ३० टक्क्यांनी घटतो." "शंभरातले तिघे वाचतात." "शंभरातल्या ९७ जणांना गोळी घेऊन-न घेऊन फरक पडत नाही." "गोळी न घेताही ९० जण ठीक राहतात, घेतली तर ९३." सगळी वाक्यं खरी आहेत. गोळी विकणारा पहिलं निवडेल, गोळीचा विरोधक तिसरं. तुम्ही दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मापात मागा : "माझ्यासारख्या शंभर जणांपैकी, अमुक वर्षांत, उपचार घेतला तर किती आणि नाही घेतला तर किती?"

शब्द बदलले की निवड बदलते, हे डॉक्टरांनाही चुकलेलं नाही. १९८२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया की रेडिएशन, असा प्रश्न रुग्ण, विद्यार्थी आणि डॉक्टर यांना विचारला होता. शस्त्रक्रियेत "१०० पैकी ९० जण वाचतात" असं सांगितलं तेव्हा ती निवडणारे जास्त होते, "१०० पैकी १० जण दगावतात" म्हटल्यावर कमी झाले. डॉक्टरही त्याच वाटेने गेले. म्हणून प्रत्येक आकडा उलटा करून पाहायचा. दहा दगावतात म्हटलं तर स्वतःला ऐकू जाईल असं म्हणा, नव्वद वाचतात. नव्वद वाचतात म्हटलं तर दुसरी बाजू म्हणा. दोन्ही ऐकूनही मन एकाच बाजूला राहिलं, तर ते तुमचं खरं मत.

डॉक्टरांकडे परत जाताना

चार प्रश्न पुरतात : याचा फायदा काय? धोका काय? दुसरा पर्याय कोणता? काहीच केलं नाही तर? ते लिहून न्या. कागद बघून विचारण्यात कमीपणा नाही. सोबत कुणाला तरी न्या, कारण डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं बरंचसं माणूस दाराबाहेर पडेपर्यंत विसरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस तर जास्तच. उठण्याआधी म्हणा, "मला कळलंय ते मी सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा." आणि पहिल्या कागदावरची ती म्हातारपणाची ओळ, किंवा तुमची जी असेल ती, एकदा बोलून टाका. चांगल्या डॉक्टरला त्यावरून कळतं की गाडी नेमकी कुठे अडलीय.

सुरू केल्यावर त्रास जाणवला तर

सुरुवातीला पाय जड झाले होते, आठवतं? २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सरकारी टीव्ही वाहिनीने कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांवर शंका घेणारे दोन भाग दाखवले. नंतरच्या अभ्यासाचा अंदाज असा, की पुढच्या काही महिन्यांत ६०,००० हून अधिक लोकांच्या गोळ्या सुटल्या किंवा कमी झाल्या. वाहिनीने ते भाग नंतर मागे घेतले.

मग हे दुखणं खरं की मनाचं? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगाने याचा फार सुंदर उलगडा केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना महिन्याला एक अशा १२ बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. त्रास किती, ते त्यांनी रोज ० ते १०० मध्ये नोंदवायचं. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, नकली गोळीच्या महिन्यांत १५.४ आणि खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्यामुळे वाढलेल्या त्रासातला ९० टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही दिला होता. आपलेच आकडे पाहिल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ ती माणसं ढोंग करत होती असा काढू नका. दुखणं खरंच होतं. अपेक्षेनेही शरीर दुखतं. आणि काही थोड्या लोकांना औषधाचा स्वतःचा त्रासही होतो. म्हणून गोळी सुरू करायच्या आधीचा आठवडाभर रोज एक आकडा लिहा : आज अंग किती दुखलं, शून्य ते दहा. सुरू केल्यावरही लिहीत राहा. आधी काय होतं, याची नोंद नसेल तर प्रत्येक कळ गोळीच्या खात्यावर जमा होते. त्रास वाढलेला दिसला तर वही घेऊन डॉक्टरांना भेटा. डोस किंवा औषध बदलता येतं. स्नायूंत तीव्र वेदना, खूप अशक्तपणा किंवा गडद रंगाची लघवी झाली तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी कळवा.

निर्णय घरातल्या दुसऱ्या कुणाचा असेल तर

वडील तपासणीला तयार नाहीत, बहीण मुलाची लस टाळतेय. आपण लेखांच्या लिंका पाठवतो, आवाज चढवतो, आणि ते आणखी घट्ट होतात. आधी विचारा, "तुम्हाला यातलं सगळ्यात जास्त काय खटकतंय?" आणि पूर्ण ऐकून घ्या, मध्ये दुरुस्ती न करता. मग, "एक गोष्ट मी वाचलीय, सांगू का?" हो म्हणाले तर एकच सांगा. नाही म्हणाले तर त्या दिवशी तिथेच थांबा. घाबरवून काम करून घ्यायचा मोह होतो, पण भीतीसोबत हातात धरायला सोपी वाट नसेल, तर माणूस धोक्याकडे पाहणंच सोडून देतो. वडिलांना कर्करोगाचे फोटो दाखवण्यापेक्षा "मंगळवारी सकाळी मी सुट्टी काढलीय, आपण दोघं जाऊन येऊ" हे जास्त कामाला येतं.

ठरलं की वेळ आणि जागा लिहा

हे मी हवेत बोलत नाही. १९६५ मध्ये येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या लसीबद्दल पुस्तिका दिल्या होत्या. काहींना अंगावर काटा आणणाऱ्या, काहींना सौम्य. भयंकर पुस्तिका वाचून लस घ्यावी असं वाटणारे वाढले. पण प्रत्यक्ष लस घेतली कुणी? नुसती माहिती मिळालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी. ज्यांना सोबत आरोग्य केंद्र दाखवणारा नकाशा दिला आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकातून जायची वेळ शोधायला सांगितलं, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांनी. केंद्र कुठे आहे हे बहुतेकांना आधीपासून ठाऊक असणार. कमी होती ती ठरलेल्या वेळेची.

तेव्हा कागदाच्या तळाशी लिहा : काय ठरलं, त्याची दोन कारणं, कधी आणि कुठे करणार, पुन्हा विचार कोणत्या तारखेला, आणि काय झालं तर त्याआधीच डॉक्टरांना फोन. गोळी रात्री घ्यायची असेल तर डबी दात घासायच्या ब्रशजवळ ठेवा. न घ्यायचं ठरलं असेल तर तेही असंच लिहा, कारणांसकट आणि पुढच्या रक्ततपासणीच्या तारखेसकट. पुन्हा रक्त तपासून आलात, की नव्या रिपोर्टशेजारी हा जुना कागद ठेवा आणि वरून खाली वाचा : पहिल्या दिवशी काय वाटलं होतं, त्रासाचे आकडे काय सांगतात, आणि यातलं काय आता खोडायचं.